रुमालाखालचा आकडा

माईणकर वकिलांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढला, झटकला, दोन्ही बाजूंनी कोर्टाला दाखवला आणि म्हणाले, "साहेब, परवानगी असेल तर मला साक्षीदाराचा हात धरायचा आहे."

न्यायाधीश देवस्थळी लिहीत होते. त्यांनी मान वर केली. "कशासाठी?"

"सौदा करायला."

मागची बाकं हसली. त्या दिवशी सांगलीच्या हळद बाजारातले तीसेक व्यापारी कामधंदा सोडून कोर्टात येऊन बसले होते. त्यांच्या कपड्यांनी बाकं पिवळी झाली होती आणि कोर्टाचा शिपाई दर पाच मिनिटांनी शिंकत होता. साक्षीच्या पिंजऱ्यात माझे अशील उभे होते. भुपाल देवाप्पा आरवाडे, वय अडुसष्ट, धंदा हळदीची अडत. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा.

"ऐनापुरे मॅडम, तुमची हरकत?" न्यायाधीशांनी मला विचारलं.

मी अण्णांकडे पाहिलं. ते रुमालाकडे बघत होते, माईणकरांकडे बघत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"हरकत नाही," मी म्हणाले. यात आपलं काही जात नाही असं मला वाटलं. तेव्हा माझी वकिली सहा वर्षांची होती आणि मला बऱ्याच गोष्टी वाटायच्या.

हे रुमालाचं प्रकरण आधी सांगायला हवं. ही गोष्ट त्र्याण्णव सालची. त्या काळी तिथे हळदीचा भाव ओरडून ठरत नसे. अडत्या ढिगाशी उभा राहायचा, हातावर रुमाल टाकायचा आणि एकेक व्यापारी रुमालाखाली हात घालून त्याची बोटं धरायचा. वरचा हजार सगळ्यांना ठाऊक असायचा, शेकडे बोटांनी सांगायचे. दोन बोटं धरली की दोनशे, पंजा धरला की पाचशे. बाकीच्यांना काही दिसायचं नाही. सगळ्यांचे हात झाले की अडत्या सर्वांत वरचा भाव आणि तो देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचा. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. वकिलाच्या दृष्टीनं याहून वाईट व्यवहार शोधून सापडणार नाही. तरीही या पद्धतीवरून कुणी कोर्टात गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे बाररूममध्ये तिच्याविषयी थोडा रागच होता.

पहिला दावा लावला तो वसमतच्या शेषराव कऱ्हाळ्यांनी. ते सांगलीत खरेदीला नवीनच यायला लागले होते. खटला उभा राहायच्या चार वर्षं आधी एका ढिगावर अण्णांनी पुकारलं, "कऱ्हाळे, चौदाशे!" शेषराव म्हणाले, मी तीन बोटं धरली, तेराशे. अण्णा म्हणाले, चार. शेषरावांनी माल उचलला नाही आणि भर बाजारात अण्णांना लबाड म्हटलं. बाजारातल्या पंचांनी शेषरावांना बाजार बंद केला, शेषराव कोर्टात गेले. मग पंचांनी ठरवलं, आता कोर्ट सांगेल तो खरा. जो हरेल त्यानं पुन्हा सौद्याला उभं राहायचं नाही. दाव्यात काही रक्कमही होती. ती मला आज आठवत नाही, आणि तेव्हाही तिचं कुणाला फारसं पडलेलं नव्हतं.

"वकीलबाई," पहिल्या भेटीत अण्णा मला म्हणाले होते, "माझ्या बापानं तीस वरसं रुमालाखाली हात दिला. मी चाळीस. खोटा आकडा सांगितला म्हणून एकबी माणूस कधी दारात आला न्हाई. हेच गेलं तर मी करू काय? घरात बसून टीव्ही बगू?"

साक्षीच्या आठवडाभर आधी मी त्यांना ऑफिसात बोलावलं, टेबलावर माझा रुमाल ठेवला आणि सौदा कसा करतात ते दाखवा म्हटलं. अण्णा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"छे, छे. बाईमाणसाचा हात रुमालाखाली? चाळीस वरसांत धरला न्हाई."

मी एकतीस वर्षांची होते आणि जिल्हा कोर्टात व्यापारी दावे चालवणारी एकटी बाई होते. मला वकीलपत्र द्यायला चालतं, हात द्यायला चालत नाही, याचा मला इतका राग आला की मी रुमाल उचलून पर्समध्ये ठेवला आणि त्या विषयावर पुढे एक अक्षर विचारलं नाही.

शेषरावांची उलटतपासणी मात्र मी झोकात घेतली होती. हा हळदीचा व्यापारी, पण हळदीची धूळ त्यांना सोसत नसे. कोर्टातसुद्धा आमच्या बाजारकरांच्या वासानं ते नाकातोंडावर उपरणं बांधून बसायचे.

"बाजारात तुम्ही असंच उपरणं बांधता?" मी विचारलं होतं.

"बांधतो ना. धूळ सोसत नाही मला, दम लागतो."

"सौदा करतानाही?"

"सौदा करायलो तरी बांधलेलंच असतंय. मरू का मग?"

"म्हणजे तोंड लपवून सौदा करता."

मागची बाकं हसली होती. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. शेषरावांनी उपरणं जरा वर ओढून घेतलं.

तर आता माईणकर पिंजऱ्यापाशी गेले. साठीचे, सांगलीतले सर्वांत मोठे दिवाणी वकील, आणि जिल्ह्यातली सर्वांत मोठी मिशी त्यांची. त्यांचा डाव सरळ होता. म्हातारा एकदा चुकला की दावा संपला. त्यांनी अण्णांच्या उजव्या हातावर रुमाल टाकला, खाली स्वतःचा हात घातला आणि विचारलं, "किती?"

अण्णा त्यांच्याकडे शांतपणे बघत होते. "तीन."

माईणकरांनी होकारार्थी मान हलवली. हात बदलून पुन्हा धरला. "आता?"

"एक."

"आता?"

"पाच."

माईणकरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी रुमाल नीट केला आणि या खेपेला बराच वेळ घेतला. "आणि आता?"

अण्णा थांबले. माईणकरांना त्यांनी पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. "सायेब, ह्या टायमाला तुमी धरलंच न्हाई."

माईणकरांनी रुमाल उचलला. त्यांचा हात अण्णांच्या हातापासून वीतभर लांब होता. न्यायाधीशांना हसू आवरेना, त्यांनी खाली बघून लिहून घेतलं की साक्षीदारानं चारही वेळा अचूक सांगितलं. माईणकर म्हणाले, "उलटतपासणी संपली," आणि कोर्ट जेवणाच्या सुट्टीसाठी उठलं.

व्हरांड्यात बाबगोंडा मगदूम मला भेटले. बाजारातले सर्वांत मोठे खरेदीदार, आणि या दाव्यात माझेच एक साक्षीदार. आमच्या सगळ्या कोर्टाच्या भानगडी उद्यापासून तुमच्याकडे, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. मी हवेत होते. माईणकरांना त्यांच्याच रुमालानं हरवलं होतं, आणि तेही एकही प्रश्न न विचारता.

अण्णांनी मला कोर्टाच्या कँटीनमध्ये चहाला नेलं. तिथला चहा स्टोव्हवरून थेट काचेच्या ग्लासात यायचा. मी ग्लास पदरानं धरला तरी चटका बसला म्हणून खाली ठेवला. अण्णांनी आपला ग्लास पंजात पुरा धरला आणि माईणकरांचं तोंड कसं झालं होतं ते सांगायला लागले. सांगत राहिले. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

"अण्णा, ग्लास गरम आहे."

"असंल."

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ग्लास सावकाश खाली ठेवला. तळवा लालभडक झाला होता. त्यांनी तो मांडीवर उपडा घातला.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"साखरेनं गेली बोटं. सा वरसं."

"सहा? म्हणजे शेषरावांच्या सौद्याआधी दोन वर्षं."

"व्हय."

"आणि आत्ताचे माईणकरांचे आकडे?"

"त्यांची मिशी बगितली न्हाई तुमी?" अण्णांना यात थोडा अभिमानही होता. "नवा माणूस बोटं धरताना मनात मोजतो. तीन धरली, मिशी तीनदा हलली. शेवटाला हललीच न्हाई."

"आणि बाजारात?"

"चाळीस वरसं तीच तोंडं बगतोय. आकडा तोंडावर येतोच की."

"आणि शेषराव?"

अण्णांनी चहाकडे बघितलं. "त्यानं उपरणं बांधलं हुतं."

"मग चार कुठून आणलेत?"

"बाकीचे दोनावर थांबले हुते. हा इतक्या लांबनं आलेला. माल बगून डोळं बारीक केलं त्यानं. वाटलं, चार."

"वाटलं?"

"वाटलं."

शपथेवर त्यांनी सांगितलं होतं की चार बोटं धरल्याचं मला स्पष्ट जाणवलं. ते वाक्य माझ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर अण्णा खोटं बोलले याचा तो आधी नव्हता. माझा विजय जेमतेम वीस मिनिटं टिकला, याचा होता.

"जिंकलोय न्हवं आपण?" अण्णांनी हळूच विचारलं.

कँटीनच्या बाहेर, मोटारसायकली लावतात तिथे, शेषराव एकटे उभे होते. उपरणं गळ्यात घेऊन श्वास घेत होते. त्यांचे वकील त्यांच्याशी बोलत नव्हते. प्रत्येक तारखेला हा माणूस वसमतहून दोन एसट्या बदलून यायचा आणि मी तीन बोटं धरली होती एवढंच सांगून परत जायचा. मी त्याला भर कोर्टात तोंड लपवणारा म्हटलं होतं आणि लोक हसले होते. आता ते आठवून मला लाज वाटली.

"सुट्टीनंतर माझी फेरतपासणी आहे," मी अण्णांना म्हणाले. "उलटतपासणीत जे निघालं त्यावर मी पुन्हा विचारू शकते. मी विचारणार आहे, आकडा कसा ओळखता."

"इचारू नका."

"मग मी वकीलपत्र सोडते."

"सोडा की. दुसरा वकील इचारणार न्हाई."

हे अगदी बरोबर होतं. अण्णा चाळीस वर्षं सौदे करत होते, मी सहा वर्षं.

"म्हणून तर मी सोडत नाही," मी म्हणाले.

अण्णांनी हात उलटा करून तळव्याकडे बघितलं. "बोटं गेली म्हनलं की मागचं समदं खोटं ठरंल, वकीलबाई. लोक म्हणतील, म्हातारा तवाबी असाच ठोकून देत असंल. माझा बापबी त्यात जाईल."

"जाईल."

"तुमची केस जाईल."

"तीही जाईल."

कँटीनचा पोऱ्या ग्लास उचलून गेला. बाहेर शिपायानं पुकारा सुरू केला. अण्णा उठले, टोपी नीट केली.

"इचारा," ते म्हणाले. "पण मी काय सांगीन, ते मलाबी अजून ठाव न्हाई."

ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हे पुढे तीस वर्षं मी माझ्या प्रत्येक ज्युनिअरला शिकवलं. मी स्वतः तो एकदाच विचारला.

"फेरतपासणी?" न्यायाधीशांनी विचारलं. मी उठले तेव्हा ते भल्या मनानं म्हणाले, "मॅडम, खरंच हवी आहे का?"

"एकच प्रश्न, साहेब." "आरवाडे, रुमालाखाली धरलेला आकडा तुम्ही कसा ओळखता?"

अण्णांनी मागच्या बाकांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग शेषरावांकडे पाहिलं.

"बगून," ते म्हणाले.

"काय बघून?"

"तोंड बगून. हाताला काय कळत न्हाई, सायेब. सा वरसं झाली."

माईणकर हरकत घ्यायला उठले. ती कशावर घ्यायची हे त्यांना सुचेना, म्हणून परत बसले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"कऱ्हाळ्यांचं तोंड त्या दिवशी दिसत होतं?" त्यांनी स्वतःच विचारलं.

"न्हाई."

"मग चार हा आकडा?"

"अंदाज, सायेब. सकाळी शपथेवर सांगितलं ते खोटं सांगितलं."

मागची बाकं या वेळी हसली नाहीत. पण कुणी चकितही झालं नाही. ते माझ्या नजरेत आलं, आणि धक्का बसला असेल असं म्हणून मी ते सोडून दिलं. शेषरावांनी उपरणं खाली केलं. "चार वर्षं हेच सांगायलो मी," ते म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. दावा मंजूर. खोट्या साक्षीबद्दल न्यायाधीशांनी अण्णांना चार कडक ओळी लिहिल्या आणि साक्षीदारानं स्वतः कबुली दिली म्हणून तिथेच थांबले. बाररूममध्ये मी 'फेरतपासणी' या नावानं ओळखली जाऊ लागले. जिंकलेली केस स्वतः उठून हरणारा वकील त्यांनी आधी बघितला नव्हता, आणि मी पुढे पुण्या-मुंबईला मोठमोठ्या कंपन्यांचे दावे चालवायला लागले तरी सांगलीकर वकील भेटले की याच नावानं हाक मारायचे.

पंचांनी अण्णांना शेवटचा एक सौदा करू दिला. त्या सकाळी मी मार्केट यार्डात गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. अण्णांच्या दुकानासमोर राजापुरी हळदीचा ढीग ओतला होता, आणि धुळीनं माझी काळी पर्स पाच मिनिटांत पिवळी झाली. अण्णांनी हातावर रुमाल टाकला.

पहिले आले बाबगोंडा. रुमालाखाली हात घातला, तोंड वर केलं, आणि ओठ हलवून, आवाज न करता, ऐसपैस म्हणाले, दोन. बालवाडीतल्या बाई पोरांना शिकवतात तसं. पुढचा आला, त्यानंही तोंड वर केलं. त्याच्या पुढच्यानंही. एकजात सगळे. नवशिक्यासारखं कुणाचं चुकून हलत नव्हतं, प्रत्येक जण मुद्दाम दाखवत होता, आणि सरावानं दाखवत होता.

मी बाबगोंडांना बाजूला गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सा वरसं."

"सगळ्यांना?"

"बाजार हाय, वकीलबाई. अण्णांना तेवढं वाटायचं, कुणाला ठाव न्हाई."

"मग साक्षीत का नाही सांगितलंत? मी स्वतः तुमची साक्ष घेतली होती!"

"तुमी इचारलं, अण्णांचा आकडा कधी चुकला का. मी सांगितलं, आमच्यासंगं न्हाई." ते शांतपणे म्हणाले. "दुसरं तुमी काय इचारलंच न्हाई."

दोन महिन्यांनी त्यांनी त्यांचे कागद खरोखरच माझ्याकडे पाठवले. सोबत निरोप होता की फेरतपासणी करायची नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात गर्दी जराशी बाजूला झाली. शेषराव कऱ्हाळे येत होते. चार वर्षांनी त्यांना बाजार उघडा झाला होता. नाकातोंडावर उपरणं बांधलेलंच होतं. ते अण्णांसमोर उभे राहिले आणि रुमालाखाली हात घातला. अण्णा त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

शेषरावांनी दुसऱ्या हातानं उपरणं खाली ओढलं. लगेच खोकला आला. वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते खोकले, पण रुमालाखालचा हात काढला नाही. खोकला थांबल्यावर त्यांनी तोंड वर केलं आणि ओठ हलवले.

अण्णांनी मान डोलावली. "कऱ्हाळे, तेराशे!" ते ओरडले. आवाज यार्डाच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल.

"बरोबर," शेषराव म्हणाले, आणि उपरणं बांधून पोती मोजायला गेले.

माणसं पांगली. अण्णांनी रुमाल काढला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाले, "या, वकीलबाई. एकदा हात द्या. आता मी काय अडत्या न्हाई."

मी रुमालाखाली हात घातला. त्यांची बोटं थंड आणि खरखरीत होती. मी पाचही बोटं धरली, आणि तोंडावर काही दिसू दिलं नाही. अण्णांनी बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला, मिशी नसलेल्या माणसाकडे बघावं तसा, जरा वैतागून.

"कळत न्हाई बगा," ते शेवटी हसून म्हणाले. "चांगल्या वकील हुणार तुमी. धरलंय का तरी?"

"धरलंय, अण्णा," मी म्हणाले, आणि आणखी घट्ट धरलं. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.